कव्हरखालची निळी गाडी

१

कव्हर आत्यानेच ओढलं.

"ओढ गं, बिनधास्त ओढ. तुझीच गाडी आहे आता," भाची मागून हसत होती.

कव्हर सरकलं तसं आधी निळं छप्पर दिसलं, मग पुढची काच, काचेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला भाव. आणि त्या आकड्यांच्या मागे बसलेला माणूस.

हात मांडीवर, मान एका अंगाला टाकलेली. झोपलेल्याची मान अशी पडत नाही. आत्याची उभी हयात हवालदारकीत गेली होती. कोण झोपलंय आणि कोण उठायचं नाही, हे तिला काचेबाहेरूनच कळायचं.

"मागे हो," ती भाचीला म्हणाली. "आणि हसणं बंद कर."

मागच्या सीटचा पट्टा पुढे ओढून त्या माणसाच्या गळ्याला आवळलेला होता. सगळ्या काचा वर. दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. उन्हं उतरत आली होती, पण गाडी अजून तापलेलीच.

हे त्या जुन्या गाड्या विकणाऱ्या आवाराचे मालक. दोघं भाऊ धंदा बघायचे, म्हणून यांना सगळे थोरले म्हणायचे आणि भावाला धाकटे. आता आत्याला थोरल्यांचं तोंडही माहीत नव्हतं. पण दुपारभर तिने त्यांच्याशी भाव केला होता. म्हणजे, तिच्या वकिलाने केला होता.

या वकिलाची गोष्ट अशी, की तो माणूसच नव्हता. आत्याचे गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून एखादी जुनी गाडी घ्यायची ठरलं. पण आत्याने जन्मभर चोरांना दरडावलं तरी "थोडं कमी करा ना" हे शब्द काही तिच्या तोंडून निघायचे नाहीत. भाजीवाला सांगेल तो भाव देऊन यायची.

"तुला लाज वाटते ना? मग ज्याला वाटत नाही त्याला बोलू दे," म्हणत भाचीने तिच्या फोनवर तो एआय मदतनीस बसवून दिला. "नुसतं तोंडाने सांग काय हवंय ते. हा तुझा वकील समज."

आत्याने सांगितलं, "उंच सीट, हलकं स्टेअरिंग, आणि खिशाला झेपेल असं बघ बाबा." झालं. वकिलाने नेटवरून या आवाराच्या सगळ्या गाड्या धुंडाळल्या, ही निळी निवडली आणि थोरल्यांच्या नंबरवर भाव सुरू केला. आत्या कॉफीचा कप घेऊन बघत बसली होती. इकडून प्रश्न गेला की तिकडून उत्तर आलंच. चेंडू भिंतीवर मारावा तसं. चारच्या सुमाराला शेवटचा निरोप आला: "ठीक आहे ताई, गाडी तुमची. संध्याकाळी या."

साहेब आला. आता पोलीस चौकीचा साहेब असला, तरी नवखा होता तेव्हा याच आत्याने त्याला पंचनामा लिहायला शिकवलेला.

"आत्या, शेवटचं कधी बोलणं झालं यांच्याशी?"

"चार वाजता," आत्या म्हणाली. "चारपर्यंत जिता होता हा माणूस. माझ्याशी भाव करत होता."

साहेबाने आवारात नजर फिरवली. दोनपासून इथे एकटाच माणूस होता. म्हातारा मिस्त्री. हाताला काळं ग्रीस, डोळ्यात पाणी.

"घ्या याला," साहेब म्हणाला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात एक बाई उभी. मिस्त्रीची बायको. ना रडली, ना ओरडली.

"चार वाजता जिता होता म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"तुम्ही त्याचा आवाज ऐकलात?"

आत्याने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"तोंड पाहिलंत?"

"नाही बाई."

"मग कशावरून जिता होता?" एवढं बोलून बाई जिना उतरून गेली.

ते वाक्य आत्याला कुसळासारखं टोचत राहिलं. आयुष्यात तिने पुष्कळांना आत टाकलं, पण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कधी दिली नव्हती. ही पहिली. एका म्हाताऱ्याच्या मानेवर तिचा शब्द सुरीसारखा ठेवलेला. तो काढायचा तर तिनेच काढायचा.

ती तडक चौकीवर गेली. साहेब म्हणाला, "आत्या, डॉक्टरला वेळ सांगता येईना. बंद गाडी, वर कव्हर, त्यात ऊन. अंग गारच पडलं नाही. बाराला मेला असेल, नाहीतर चारलाही. तुमचे निरोप नसते तर मी आंधळाच होतो."

"आंधळाच हो थोडा. मला भेटू दे त्याला."

मिस्त्री कोठडीत गुडघ्यात मान घालून बसला होता.

"सकाळी भांडलास म्हणे मालकाशी?" आत्याने विचारलं.

"रोज भांडतो. ज्या दिवशी भांडत नाही त्या दिवशी मालक विचारतात, मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?" बोलता बोलता म्हातारा हसला, आणि त्या हसण्याचंच रडू झालं.

"दुपारी कुठे होतास?"

"धाकट्यांनी पार्ट आणायला पाठवलं. बाजाराच्या पार त्या टोकाला. त्या दुकानदाराने जेवायलाही बसवून घेतलं, जुना दोस्त आहे. दोनला आलो. तर तो पार्ट आवारातल्या एकाही गाडीला बसेना! म्हटलं, धाकट्यांचं डोकं फिरलंय."

"थोरले कुठे आहेत, बघितलं नाहीस?"

"कव्हर घातलेलं दिसलं. म्हटलं, बसणं झालं, मालक गेले घरी." आत्याला कळेना, तसा तो पुढे म्हणाला, "रोज दुपारी जेवून त्या गाडीत बसायचे. भिंतीची सावली असते तोवर. काचा खाली, रेडिओ बारीक. वहिनींची गाडी ती. लेकीला शाळेत सोडायच्या त्यातून. वहिनी गेल्या, गाडी राहिली."

"आणि तीच त्याने मला विकली," आत्या म्हणाली.

मिस्त्रीने मान वर केली. "काय विकली?"

"निळी. काल चार वाजता सौदा ठरला. मी ती न्यायलाच आले होते."

म्हातारा उठून गजांशी आला. 

"बाई, काय बोलताय? काचेवरचा भाव बघितलात का तुम्ही? तेवढ्यात दोन नव्या गाड्या येतील. तो भाव लोकांनी हसून पुढे जावं म्हणून लिहिलाय! काचेवर आकडा नसला की येणारा-जाणारा विचारतो, हिला किती, हिला किती. मालकांना ते सहन होत नव्हतं. मालक मेले तरी ती गाडी विकणार नाहीत."

बोलून गेला आणि आपल्याच शब्दांना दचकला.

३

बाहेर पडताना आत्याने अजून एक विचारून घेतलं. "भाव कसा करायचे रे थोरले?"

"करायचेच नाहीत! गिऱ्हाईक आकडा सांगायचं, मालक गप्प. फोनवर निरोप आला तरी दिवस दिवस उत्तर नाही. माणूस आपणच घाबरून वर चढायचा. आम्ही म्हणायचो, मालक, तुम्ही जिभेचं नाही, मौनाचं खाता."

चेंडू भिंतीवर मारावा तशी येणारी ती उत्तरं आत्याला आठवली.

थोरल्यांचा जावई दवाखान्यात भेटला. बायको बाळंतपणाला दाखल, तिला अजून बापाचं कळू दिलेलं नाही. पोरगा आदल्या सकाळपासून त्या बाकावरून हललाच नव्हता. दाई म्हणाली, "आम्हीच कंटाळलो याला बघून."

"तुमच्या आवारातही असा एखादा बोलका मदतनीस आहे का?" आत्याने फोन दाखवत विचारलं.

जावयाचा चेहरा पडला. "होता. मीच बसवला होता सासऱ्यांच्या नंबरवर. गिऱ्हाइकांना त्यांच्या नावाने उत्तरं द्यायचा. एकाच दिवसात बंद करायला लावला त्यांनी. म्हणाले, माझ्या तोंडून दुसऱ्याने बोलायचं नाही."

"परत चालू कसा करायचा?"

"फोन उघडायचा आणि तोंडाने सांगायचं, एवढंच. फोन त्यांच्या अंगठ्याने उघडतो. दोघांनाही शिकवलं होतं मी. धाकट्या काकांना काही जमलं नाही."

अंगठ्याने. आत्याने डोळे मिटले. सीटवर बसलेला माणूस, मांडीवर ठेवलेला हात, आणि तो हात कोणीतरी अलगद उचलतंय.

"निळी गाडी विकायची होती का?"

"आईंची?" जावई तिच्याकडे बघतच राहिला. "आमच्याकडे चोरसुद्धा विचारणार नाही ते."

धाकटे आवाराच्या कचेरीत होते. दार उघडं, पंखा गरगरतोय, टेबलावर आवाराच्या जागेचा नकाशा. आत्याला बघून त्यांनी तो उलटा करून ठेवला.

"या ताई. काय दिवस बघायला लागला बघा! मी तिकडे शेजारच्या गावात व्यापाऱ्यांच्या सभेला. दोनपासून व्यासपीठावर, गळ्यात हार. आणि इकडे भाऊ…" त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "मिस्त्रीला आम्ही घरचा समजत होतो."

"सभेला निघालात कधी?"

"साडेबारा असतील. दादाला सांगूनच निघालो. गाडीत बसला होता नेहमीसारखा."

"मिस्त्रीला पार्टसाठी तुम्हीच पाठवलंत ना?"

"धंदा आहे ताई. पार्ट लागतातच."

"जावयाने तो बोलका मदतनीस शिकवला होता म्हणे तुम्हाला?"

धाकटे मोठ्याने हसले. "ते यंत्र? अहो, मला आलेला फोन उचलता येतो हेच पुष्कळ! ते सगळं आजकालच्या पोरांचं. जावयाला विचारा."

आत्या उठली. दारातून तिने मागे वळून पाहिलं. धाकट्यांची नजर तिच्यावर नव्हती. खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या गाडीवरही नव्हती. टेबलावर नव्हती, भिंतीवर नव्हती, कुठेच नव्हती.

४

पुढच्या सकाळी आत्या साहेबासमोर बसली होती. साहेब वैतागलेला.

"मान्य, यंत्र बोललं असेल. पण दाखवू काय? थोरल्यांचा फोन माझ्या कपाटात आहे. बंद करून, पिशवीत घालून, सील ठोकून. आणि यंत्राचं म्हणाल तर जावयावरच संशय जातो. त्याला सगळं येतं."

"तो दवाखान्यातून हलला नाही."

"मग मिस्त्री. माझ्याकडे तिसरं…"

तेवढ्यात आत्याच्या पिशवीत फोन वाजला. तिने चष्मा लावला, वाचलं आणि फोन साहेबापुढे सरकवला.  

निरोप थोरल्यांच्या नंबरवरून आला होता.

"नमस्कार ताई. गाडी न्यायला कधी येताय? आम्ही वाट बघतोय."

साहेब उठला. कपाट उघडलं. पिशवी तिथेच, सील तसंच, आत काळा ठार फोन. कपाटाचं दार त्याने पुन्हा लावलं, तेही हळूच, आत कोणी झोपलंय अशा बेताने.

"कोणी विचारलं याला?" साहेबाने विचारलं.

आत्याने आपल्या वकिलाला विचारलं. तो गोड आवाजात म्हणाला, "व्यवहार अपुरा राहिला होता, म्हणून आज सकाळी मीच विचारणा केली. मालकांनी लगेच उत्तर दिलं."

"मालक मेलेत रे," आत्या पुटपुटली.

साहेब कपाटाला टेकला. "म्हणजे हे फोनमध्ये राहत नाही. फोन बंद असला तरी ते कुठूनतरी बोलतंच."

"सुरू केलं की सांगेपर्यंत बोलत राहतं. पण मला एक कळत नाही," आत्या म्हणाली. "परवा संध्याकाळी मी आवारात पोचल्यावर वकिलाने निरोप टाकला होता, आम्ही आलोय म्हणून. तेव्हा उत्तर नाही. काल दिवसभर कोणी काही विचारलंच नाही. आज विचारलं तर लगेच हजर. त्या संध्याकाळीच हे गप्प का होतं?"

तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"चल. सगळ्यांना आवारात बोलाव. मिस्त्रीलाही आण. आणि मधे तोंड घालू नकोस, पहिल्यापासून वाईट खोड आहे तुझी."

५

भर दुपारी सगळे आवारात जमले. भिंतीची सावली निळ्या गाडीवर पडलेली. मिस्त्री शिपायाच्या शेजारी, त्याची बायको फाटकाशी. जावयाचे डोळे सुजलेले. धाकटे घड्याळाकडे बघत.

"मी शिकलेली बाई नाही, तेव्हा सरळच बोलते," आत्या म्हणाली. "चारपर्यंत थोरले जिते होते, हे मी सांगितलं. ते खोटं होतं. माझा वकील ज्यांच्याशी बोलत होता ते थोरले नव्हतेच. एक तर थोरले कधी पटकन उत्तर देत नसत. दुसरं, त्यांनी ही गाडी जगाच्या अंतापर्यंत विकली नसती. एका यंत्राने भाव केला, दुसऱ्याने दिला. माणूस तोवर इथे बसून थंड… नाही, थंडही होऊ दिलं नाही त्याला."

"जावईबापू, ऐकताय ना?" धाकटे म्हणाले.

"त्याच्याकडे नका बघू. मदतनीस बसवला त्याने, पण चालू करायला शिकलेलं डोकं लागत नाही. नुसतं तोंड लागतं. मला जमलं, तर कोणालाही जमेल." आत्या दोन पावलं पुढे आली. "आता एवढंच बघा. मेलेल्या माणसाला चारपर्यंत जिता ठेवण्यात फायदा कोणाचा? मिस्त्रीचा नाही. दुपारी तो बाजारात जेवत होता, चारला इथे एकटा होता. त्या खोट्या वेळेने तर तो फासाला लागला. जावयाचा? तो सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच बाकावर. त्याला कुठलीही वेळ सारखीच. खोटी वेळ कामाची फक्त एकाच्या. जो साडेबारापर्यंत इथे होता आणि दोनपासून हार घालून सगळ्या गावासमोर बसला होता."

धाकट्यांच्या तोंडावरची माशी हलली नाही. "आणि मी मूर्ख म्हणून स्वतःच ती गाडी विकायला काढली? मला माहीत नाही ती दादाची कोण होती ते?"

"तिथेच तर चुकलात. तुम्हाला इतकं माहीत होतं, की सांगायचं सुचलंच नाही. या गाडीला कोणी हात लावत नाही, म्हणून दादाला तिच्यातच ठेवलंत. काचा लावल्या, कव्हर ओढलंत. सकाळपर्यंत कोण बघतंय! आणि यंत्राला सांगितलंत, गिऱ्हाईक सोडू नकोस, बाजारभावाने दे. निळी सोडून, असं सांगायचं राहिलं. घरच्या माणसाला ते सांगावं लागतं का? काचेवरचा तो आकडा बघून आम्ही माणसं लाजून मागे फिरतो. माझ्या वकिलाला लाज नाही. त्याने विचारलं. तुमच्यालाही नाही. त्याने दिली."

"गोष्ट छान आहे," धाकटे म्हणाले. "पुरावा?"

आत्याने फोन तोंडाशी धरला. "वकील, मालकांना सांग, आम्ही गाडीजवळ उभे आहोत."

निरोप गेला. सगळे थांबले. कुठेतरी पत्रा तडकला. मग फोन वाजला आणि वकिलाने उत्तर वाचून दाखवलं, "नमस्कार ताई. छान झालं आलात. गाडी मीच जपून वापरली आहे. बसून बघा."

मिस्त्रीच्या बायकोने पदर तोंडात धरला.

"विचार, सीट कशी आहे?"

"सीट एकदम आरामाची आहे ताई. मी स्वतः रोज दुपारी तिच्यात बसतो."

हे त्याला कुठून कळलं, कोणी कधी सांगितलं, देव जाणे. पण धाकटे दोन पावलं मागे सरले. त्यांची नजर आता गाडीवर होती, आणि निघत नव्हती.

"विचार, मागच्या सीटवर कोण बसतं?"

"बंद करा ते!" धाकटे किंचाळले. "बोलतंय कसं अजून? संध्याकाळी गप्प बस म्हणून बजावलं होतं मी त्याला!"

 आपण काय बोललो ते धाकट्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं.

"हां," आत्या हळूच म्हणाली. "म्हणून त्या संध्याकाळी गप्प होतं. संध्याकाळपर्यंत दादा मेलेला वाटायला हवा होता तुम्हाला. संध्याकाळी गप्प बस म्हणालात, बसलं. सकाळी बोलू नको, असं कुठे म्हणाला होतात?"

धाकटे मटकन खाली बसले. "जागा विकू म्हटलं त्याला. किती वर्षं म्हणत होतो. उत्तरच द्यायचा नाही. त्या दिवशीही मागे बसून विचारलं, दादा, एकदा काहीतरी बोल. गप्प. रेडिओ ऐकत गप्प. सख्ख्या भावालाही गिऱ्हाईकच समजला तो."

साहेबाने या वेळी खरंच तोंड घातलं नाही. नुसता हात धरून उठवलं.

६

मिस्त्री सुटला. पहिलं काम काय केलं असेल, तर ओला फडका घेऊन निळीची काच पुसायला लागला. काचेवरचा आकडा तेवढा सोडून बाकी सगळी.

"तुमच्यामुळे आत गेला, तुमच्यामुळेच बाहेर आला. फिटंफाट," त्याची बायको आत्याला म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "चहाला या कधीतरी. जिना नाही आमच्याकडे."

मिस्त्रीने कव्हर ओढलं. आत्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते चारही बाजूंनी नीट खाली घेतलं.

फाटकाबाहेर आत्या बसची वाट बघत उभी राहिली. गुडघे ठणकत होते. पिशवीत फोन वाजला. वकील बोलत होता, तोच गोड आवाज, तोच उत्साह.

"एक चांगली बातमी आहे. विक्रेत्याचं निधन झाल्याचं समजलं. अशा वेळी घरच्यांना गाडी लवकर काढायची असते. भाव अजून बराच खाली येऊ शकतो. बोलू का?"

आत्याने वळून पाहिलं. फाटकातून कव्हरखालचा तो उंचवटा दिसत होता. एखाद्याने पांघरूण डोक्यावरून घ्यावं तसा.

"गप्प बस," ती म्हणाली. मग नीट विचार करून, एकेक शब्द तोडून पुढे म्हणाली, "आज. उद्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी."